बहिरी पट्टी

“पण मिस, ती पट्टी तुम्ही तेव्हाच दुरुस्त का नाही करून घेतली?”

नव्वदीच्या माणसाशी बोलतात तसा शमुवेल शिरसाटने आवाज चढवला होता. मिस उमाप खुर्चीत बसून चष्म्याची काच पदराला पुसत होत्या. ऐकल्याची काही खूण चेहऱ्यावर दिसेना.

तो आणखी मोठ्याने म्हणाला, “पियानोची पट्टी! मधली! दाबली तरी धड वाजायची नाही ती!”

“हां,” मिस म्हणाल्या. “बहिरी.”

तेच तिचे नाव होते. नगरच्या चर्चमागच्या या बैठ्या घरात, याच पियानोवर, मिसनी सुताराच्या या पोराला पहिले धडे दिले होते. एका पांढऱ्या पट्टीच्या, आत तारेवर पडणाऱ्या हातोडीची लोकर कसरीने खाल्ली होती. त्यामुळे बाकीच्या गात असताना ती नुसती पुटपुटायची. “बहिरी आहे बिचारी, तिच्याशी जोरात बोल,” मिस म्हणायच्या. पोर जोरात बोलायचे. अंगठा आपटून.

पुढे ते पोर शिष्यवृत्तीवर परदेशी गेले, मोठमोठ्या सभागृहांत वाजवू लागले. त्याच्या वादनात मधेच एक स्वर घणासारखा पडतो, हे जाणकारांच्या ध्यानात आले. त्यावर लेख निघाले. मुलाखतींत विचारणा होऊ लागली, तेव्हा शमुवेल डोळे मिटून सांगायचा, की तो मायदेशाच्या विरहाचा स्वर आहे. तो मला कुणी शिकवला नाही, आतून आला.

हे बोलताना आपण खोटे बोलतो आहोत असे त्याला कधी वाटले नाही. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी नाही.

गेल्या महिन्यात हॅम्बुर्गला त्याची एक शिष्या वाजवायला बसली आणि तोच स्वर तिने तस्साच आपटला.

“इथे एवढा जोर कशाला?”

“सर, तुमचा विरह.”

ती थट्टा करत नव्हती. शमुवेलने तिच्या अंगठ्याकडे पाहिले आणि त्याला एकदम नगरची बहिरी आठवली. भर सभेत धोतर सुटावे तसे त्याला झाले.

उद्या संध्याकाळी पुण्यात त्याचा कार्यक्रम होता. तो स्वर कसा वाजवायचा हेच त्याला आता कळेनासे झाले होते. जोरात वाजवावा तर ढोंग. हळू वाजवावा तर लोक म्हणणार, थकला. सगळा दोष त्या पट्टीचा, आणि पट्टी तशीच ठेवणाऱ्या मिसचा... हे सुनावायला तो गाडी काढून आला होता.

“तुमच्यामुळे माझा हात कायमचा बिघडला, मिस!” तो ओरडला.

“वाजव बघू,” मिस म्हणाल्या.

तो पियानोपाशी बसला. रविवारच्या उपासनेतले एक साधे गीत त्याने घेतले. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत बहिरी आली आणि अंगठा आपसूक उचलला गेला.

खाडकन स्वर फुटला. खिडकीची तावदाने थरथरली. स्वयंपाकघरातून मिसचे घर सांभाळणाऱ्या सगुणाबाई हातातल्या झाऱ्यासकट धावत आल्या.

“काय पडलं?”

“काही नाही गं,” मिस म्हणाल्या. “विरह पडला.”

शमुवेलची मान वळेना. “तुम्ही... ते वाचलंत?”

“पेपर येतो की आमच्याकडे.”

तो पट्टीकडे बघत राहिला. “ही दुरुस्त झालीय! कधी?”

“तुला मिसरूड फुटायच्या आधी. पुण्याहून माणूस आणून लोकर बदलून घेतली होती.”

“मी इथं शिकत होतो तेव्हाच? मग मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं. पण तेव्हा तू फार छान वाजवायला लागला होतास, ऐकतोस कुठला.”

सुनावायला म्हणून आणलेले सगळे तोंडातल्या तोंडात विरले. म्हणजे कित्येक वर्षे तो धडधाकट पट्टीवरच अंगठा आपटत होता, इथे, या खोलीत, आणि मिस समोर बसून ते सोसत होत्या.

त्याने मान खाली घातली. ओठांतल्या ओठांत म्हणाला, “विरह वगैरे काही नव्हतं, मिस. सवय होती. आणि कुणी शिकवलं नाही म्हणालो... तेही खोटंच.”

मिस काच पुसत राहिल्या.

ऐकू गेलेले दिसत नाही, त्याला वाटले. एवढे म्हणायला उभी हयात गेली, आणि आता पुन्हा म्हणायचे? त्याची कानशिले तापली. सगुणाबाई अजून दारातच होत्या. तरी तो उठला, मिसच्या कानाशी वाकला आणि घसा ताणून म्हणाला, “मी खोटं बोललो, मिस! सगळ्यांशी! तुमच्याबद्दलसुद्धा!”

सगुणाबाई मुकाट्याने आत गेल्या.

मिसनी कान चोळला. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिले.

“मघाशी हळू म्हणालास ना शमू, तेव्हा जास्त स्पष्ट ऐकू आलं.”