विसणाचं पाणी

"पण मी माफी मागितली ना, बाबा… मग आणखी काय करायचं माणसानं?"

केवलगिरी बाबांनी मान वर केली. मठाच्या ओट्यावर उन्हात पाय पसरून ते बसले होते. पौषातलं कोवळं ऊन, त्याला धग कसली. पण म्हाताऱ्या हाडांना तेवढा शेकही पुरतो. पायांना मात्र ऊन लागतंय की नाही, हे बाबांना कळत नसे. साखरेच्या दुखण्यानं पावलांची जाणीव केव्हाच गेली होती. चालताना काटा रुतला तरी रक्त दिसल्यावरच कळायचं.

समोर जगन्नाथ उंडे बसला होता. साखर कारखान्यात वीजविभागाचा सुपरवायझर म्हणून राबून आता निवृत्त झालेला. गाव त्याला अण्णा म्हणायचं, बाबा नुसतं जगन्नाथ म्हणायचे. माणूस कामाला चोख, अडल्यानडल्याला धावून जाणारा. पण जिभेला हाड नाही.

"नीट सांग," बाबा म्हणाले. "काय झालं?"

जगन्नाथनं सांगितलं. सांगताना स्वतःची बाजू जरा पुढे सरकवून सांगितली. कोण नाही सरकवत?

लाईटचं बिल आलं होतं, डोळे पांढरे करणारं. सून प्रतीक्षा नुकतीच बाळंतपणाहून परतलेली, मांडीवर तान्ही पोर. सकाळी तिनं गीझर लावला की तो चालूच. जगन्नाथ आधी पुटपुटला, मग ओरडला. आणि एका सकाळी ती पोरीला तेल लावून न्हाणीघरात बसली असताना यानं बाहेरून मेन स्विच पाडला.

"आणि?"

"आणि… बोललो."

"काय बोललास?"

जगन्नाथ फरशीकडे बघत राहिला.

"म्हणलो, बापाच्या घरी चुलीवर पातेलं ठेवत होतीस, इथं येऊन नळाला गरम पाणी लागतंय व्हय."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"रागात गेलं तोंडातनं. पण मी डूख धरणारा माणूस नाही, बाबा. घटकाभरात निवलो. सासरा असून सुनेच्या दाराशी जाऊन हात जोडले. कोण जोडतं सांगा? संध्याकाळी पोरीला झबलं आणलं, सगळ्यांना जिलेबी आणली. जन्मभर माझं हे असंच. तापतो, पण लगेच निवतो. शकुंतलेला विचारा."

"काय म्हणते शकुंतला?"

"ती…" जगन्नाथ अडखळला. "ती हल्ली फार बोलत नाही."

ओट्याखाली चिमण्या दाणे टिपत होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत होते.

"महेंद्र तालुक्याला खोली बघून आलाय," जगन्नाथ म्हणाला. महेंद्र त्याचा एकुलता एक मुलगा. "उद्या सामान हलवणार. मी म्हणतो, जाऊ द्यावं. रोज कटकट करून जुनं ओढण्यापेक्षा नवं घर थाटू दे त्यांचं. नाही का?"

बाबांनी चिमण्यांवरची नजर त्याच्याकडे वळवली.

"जाऊ देच, नाही का…" त्यानं पुन्हा विचारलं, पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "परवा पोरीनं बोट धरलं होतं माझं. मुठीत घट्ट. सोडेना."

कारखान्यात ज्याचा दरारा होता, तो माणूस ओट्यावर बसून उपरण्यानं डोळे टिपत होता.



"मठाचंही बिल वाढलंय," बाबा म्हणाले.

जगन्नाथला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. आपण काय विचारलं, आणि हे काय सांगतात.

"कोण वाया घालवतं ते शोध. तुला शोधता येतं."

पण काम म्हटलं की जगन्नाथला हुरूप येई. रडण्यापेक्षा ते बरं. स्कूटरला हत्यारांची पिशवी कायम लटकलेली असायची, ती तो घेऊन आला.

"गरम पाणी कोण कोण वापरतं?"

"मी एकटा."

"चालू ठेवून विसरता?"

"जपाची माळ घेऊन शेजारीच बसतो. पूर्वी एका माळेत पाणी तापायचं. आता माळेमागून माळ ओढतो… तरी कोमटच."

"भाविक? मुक्कामाला कुणी?"

"थंडीत कोण येतंय माळावर."

जगन्नाथ डोकं खाजवू लागला.

"इथे तर सून नाही, जगन्नाथ," बाबा म्हणाले.

त्याला ते लागलं. पण तो तडक न्हाणीघराकडे वळला.

गीझर त्याच्याच ओळखीचा होता. आई गेली तेव्हा तिच्या नावानं त्यानंच मठाला दिला होता. तांबड्या ऑइलपेंटनं वर लिहिलं होतं, 'कै. गोदाबाई उंडे यांच्या स्मरणार्थ'. खाली त्याहून मोठ्या अक्षरांत जगन्नाथचं नाव. अक्षरं अजून लख्ख होती, मठातलं कुणीतरी ती नेमानं पुसत असावं. आत डोकावायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं, देणाऱ्यालाही नाही.

"जुना झाला, बाबा. फेकून देऊ. पाच स्टारचा नवा आणतो, वीज कमी खाईल."

"फेकण्याआधी उघड तरी."

बाबा काठी टेकत येऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. जगन्नाथनं मेन स्विच पाडला, पाणी बंद केलं, टाकी रिकामी केली. मग खालच्या झाकणाचे नट सैल केले. झाकण उतरलं तसा पांढरा चुरा भसाभस खाली आला, त्याच्या हातावर, मनगटावर, पायांवर. मागून त्यानं कॉइल ओढून काढली. कॉइल कुठली, दगडच होता तो. आत तांबं आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

"हे काय?"

"क्षार. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड ना. तापलं की क्षार कॉइलला धरतात."

"त्यानं काय होतं?"

"आधी हा दगड तापतो, बाबा. दगड तापला की मग पाणी. वीज जास्त, वेळ जास्त, आणि पाणी तेवढंच."

"दोष पाण्याचा?"

"पाण्याचा कसला? जमिनीत जसं आहे तसं येणार."

"मग वापरणाऱ्याचा."

"तो बिचारा काय करील? तापायची वाट बघत बसेल…"

वाक्य तोंडातून गेलं आणि जगन्नाथचा हात थांबला.

"मग कुणाचा?"

जगन्नाथ कॉइलकडे बघत होता. "ज्यानं बसवला त्याचा," तो हळू म्हणाला. "वर्षातनं एकदा उघडून साफ करायला पाहिजे."

"घरचा कधी उघडला होतास?"

…

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गावातल्या मोटारी, पंखे, मिक्सर यानं नीट केले, चहासुद्धा न घेता. घरच्या गीझरला मात्र बसवल्या दिवसापासून पाना लावला नव्हता. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? घरीही पाणी बोअरचंच, असंच जड. म्हणजे आतला दगडही हाच.

पोरीच्या अंगावर तेल, बाहेर पौषाची थंडी, आणि नळाखाली हात धरून बसलेली प्रतीक्षा त्याला दिसली. ती वीज उधळत नव्हती. ती पाणी तापायची वाट बघत होती.

बाबांनी विचारलं, "बदलायचा ना?"

"नको." त्यानं बोटानं टाकीची कड चाचपली. सगळीकडून फिरवून पुन्हा चाचपली. "टाकी शाबूत आहे. गळायला लागली तरच बदलायचा. मग इलाज नसतो."

"गळतेय?"

"अजून नाही," जगन्नाथ म्हणाला आणि घाईघाईनं कामाला लागला.

मठाच्या स्वयंपाकघरातून लिंबूसत्त्व आणून त्यानं पाण्यात कालवलं आणि कॉइल त्यात बुडवली. थर मऊ झाला तसा लाकडाच्या चिपेनं खरवडला. टाकीतला गाळ हातानं उपसला, आत पुन्हा पुन्हा पाणी मारलं. झाकणाचं रबर वाळून कडक झालं होतं, ते नवं बसवलं. टाकी भरली, कुठे ठिबकत नाही ना ते पाहिलं, मगच स्विच लावला. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं.

आणि पाणी तापलं. बाबांची माळ अर्ध्यावर होती, तोवर गीझरचा दिवा विझला.

जगन्नाथचा चेहरा खुलला. मघाचं सगळं कुठल्या कुठे गेलं. माणसाचं असंच असतं, एक काम जमलं की वाटतं सगळंच जमलं. बाबांना एकदा दाखवावंच म्हणून त्यानं आधीच बटण शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलं होतं. त्यानं नळ सोडला आणि वाफाळती बादली आणून बाबांच्या पुढ्यात ठेवली. शेजारी विसणाला गार पाण्याची कळशी ठेवली.

"बघा, बाबा. कसं कढत येतंय."

"पाय धुवायचे होते," बाबा म्हणाले. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यांनी उजवा पाय उचलला आणि बादलीवर नेला.

जगन्नाथनं झेप घेऊन घोटा धरला.

"बाबा, भाजेल."

"विसण कुठंय?"

"हे काय, शेजारीच आहे. घालतो, थांबा."

"असू दे. आधी पाय घालू दे. विसण मागाहून घाल."

"मागाहून घालून काय उपयोग?"

"लगेच घाल की. भरपूर घाल." बाबांचा आवाज शांत होता. "हात जोडून घाल, हवं तर."

…

बादलीतून वाफ वर येत होती. जगन्नाथच्या दोन्ही हातांत बाबांचं पाऊल होतं. कोरडं, भेगाळलेलं, अगदी हलकं. बाबा ते मागे घेत नव्हते आणि पुढेही नेत नव्हते.

"तुम्हाला… कळलंही नसतं," जगन्नाथ म्हणाला.

"नसतं."

त्याला शकुंतला आठवली. लग्नानंतरची काही वर्षं ती रडायची, भांडायची, माहेरी निघून जायची. पुढे पुढे तिला काही लागेनासंच झालं. तो काहीही बोलला तरी ती भाकरी थापत राहायची. बायको आता समजूतदार झाली, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगत आला होता.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

मग त्यानं बाबांचं पाऊल अलगद खाली, पाटावर ठेवलं. कळशी उचलून बादलीत गार पाणी घातलं, ढवळलं, पुन्हा घातलं. बादली काठोकाठ भरली, वरून वाहिली, तरी ते पाणी अजून सोसण्याजोगं झालं नव्हतं. निम्मी बादली ओतून देऊन पुन्हा विसण घालावं लागलं.

तो उठून आत गेला. गीझरचं बटण त्यानं शेवटच्या आकड्यावरून मागे, मधोमध आणलं.

"एवढं तापवायचंच नव्हतं," बाहेर येऊन तो म्हणाला. "वीजही जाते, आणि वर गार ओतत बसा."

बाबांनी मान हलवली.

जगन्नाथनं त्यांचे पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पाणी फिरवलं, पंच्यानं कोरडे केले. चिमण्या उडून गेल्या होत्या.

हत्यारं पिशवीत भरून तो निघाला आणि उंबऱ्याशी, बाबांजवळ अडला.

"बाबा, घरी गेल्या गेल्या गीझर उघडतो. महेंद्रला म्हणतो, टाकी शाबूत आहे. तो समजंल. पण प्रतीक्षाला काय म्हणू? परत हात जोडू?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग काय बोलू?"

"बोलू नकोस. उद्या पोरीच्या अंघोळीचं पाणी तू काढ."

"आणि तिनं नाही थांबायचं ठरवलं तर?"

"तरी काढ."

जगन्नाथनं मान डोलावली आणि सवयीनं वाटेतल्या बादलीत पंजा बुडवून पाणी पाहिलं.

"आता बेताचं आहे," तो म्हणाला.

बाबांनी तो ओला हात धरला आणि उताणा केला. सगळा तळवा घट्ट्यांनी भरला होता. पक्कड धरून धरून, वायरी ओढून ओढून कातडी निबर झालेली. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला…

"याला काय कळतंय," ते म्हणाले. "पोरीचं पाणी काढशील तेव्हा आधी आपलं कोपर बुडव."