कुलपात ठेवलेला कोपरा

गावात अजून घड्याळ पोचले नव्हते आणि माणसे सावली बघून जेवायला उठत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात एक म्हातारा राखणदार होता. नाव त्याचे शमुवेल, पण लहानथोर सगळे त्याला शमूबाबा म्हणत. पिकाची राखण करणे हे त्याचे काम. पाखरे हाकलायची, ढोरे वळवायची आणि रात्रंदिवस शेतातल्या खोपीतच राहायचे.

पण शमूबाबाला स्वतःला विचारले, तर तो सांगे की राखणीपेक्षा मोठे काम वर्षातून एकदाच येई. ज्वारीची काढणी झाली, पेंढ्या खळ्यावर गेल्या, की तो मचाणावर चढायचा आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "वावर मोकळं झालं होऽऽ!"

ती हाक ऐकली की विधवा, लंगडेपांगळे, वाटसरू, ज्याला शेत नाही असा जो कोणी असेल तो, शेतात उतरे आणि सरवा वेची. जमिनीवर पडलेली कणसे त्यांची. शिवाय प्रत्येक शेताचा एक कोपरा न कापता उभा ठेवलेला असे, तोही त्यांचाच. मालक तेवढ्या वेळ शेताकडे पाठ करून घरी निघून जाई. वळून बघायचे नाही, असा रिवाजच होता. कोण वाकले, कोणी किती नेले, हे बघणे वाईट समजत.

हा रिवाज आला कुठून? तर गावाचे मूळपुरुष एका दुष्काळात आपला मुलूख सोडून निघालेले. वाटेत ज्या ज्या गावी त्यांना सरवा वेचू दिला, तिथे तिथे ती माणसे जगली. पुढे त्यांनी इथे गावाची पांढरी वसवली, एक लहानसे दगडी चर्च बांधले आणि ठरवले, की देवाने सांगितलेच आहे, शेताचा कोपरा आपला नाही. आपणही कधीतरी परकेच होतो.

शमूबाबा लहान असताना त्याची विधवा आई सरवा वेचायची. ओचा भरून कणसे आणायची, अंगणात बडवायची, सुपात पाखडायची. त्या ज्वारीच्या भाकरीला जी गोडी होती ती पुढे कशालाच आली नाही. एकदा त्याने चर्चच्या गुरुजींना विचारले होते, "गुरुजी, मालक स्वतःच कोपरा कापून आमच्या घरी का आणून देत न्हाईत? आईची पाठ दुखती."

गुरुजी हसले होते. म्हणाले होते, "अरे, वेचताना पाठ वाकते. पण कुणी हातावर टाकलं, की मान वाकते. पाठ चोळली की बरी होते."

ते दिवस गेले. गुरुजी गेले, आई गेली. गावात तीन नवे पंच झाले. एकाकडे गावातली निम्मी जमीन, दुसरा धान्याचा व्यापारी, आणि तिसरा शहरात जाऊन कायदा शिकून आलेला. हा तिसरा सगळ्यांत हुशार, म्हणून तोच थोरला पंच. हुशारी इतकी, की साधा नमस्कार केला तरी त्यातले पोटकलम समजावून सांगे.

थोरल्या पंचाने एकदा सरव्याची गडबड पाहिली आणि त्याचे डोके चालू लागले. वेशीतल्या पारावर गाव जमवून तो म्हणाला, "हा काय न्याय झाला? दांडगा असेल तो जास्त वेचतो, म्हातारी बिचारी मागे राहते. कोण गरजू, कोण लबाड, काही हिशेबच नाही. इथून पुढे कोपरेही कापायचे आणि पडलेली कणसेही गोळा करायची. सगळे धान्य गावाच्या कोठारात ठेवायचे, आणि जो पात्र असेल त्याला पंचांच्या हातून मिळेल. नियम सर्वांना सारखा. यालाच न्याय म्हणतात."

लोकांनी माना डोलावल्या. शमूबाबालाही तेव्हा ते पटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हातारीला घरबसल्या मिळणार असेल तर वाईट काय, असे त्याला वाटले. त्याची हाक मात्र बंद झाली. आता त्याने सरवा वेचायला येणाऱ्यांना काठीने हाकलायचे होते.

पात्र कोण? ज्याचा जन्म याच गावातला. ज्याच्या चांगल्या वागणुकीची जमीनवाल्याने साक्ष दिली आहे. आणि जो पंचांपुढे हात जोडून उभा राहतो. पहिल्या वर्षी यादीत अकरा नावे होती. मग एका विधवेने "इतकंच?" असे विचारले, म्हणून उद्धट ठरवून तिचे नाव खोडले. एक लंगडा बसल्या बसल्या टोपल्या विणू शकतो असे आढळले, तेव्हा तोही गेला. तिसऱ्या वर्षी यादीत दोन नावे उरली आणि त्यातला एक जण पावसाळ्यातच वारला होता. देणाऱ्यांचा रुबाब मात्र वाढतच होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, तसले हे औदार्य. इथे तर बायजीने आयजीलाच दारात उभे केलेले!

त्या तिसऱ्या वर्षी, काढणी झाल्यावर, एका दुपारी शमूबाबाला थोरल्या पंचाच्या शेतात एक बाई दिसली. परगावची होती. नवरा वाटेतच तापाने गेला होता आणि दोन लहान मुलींना घेऊन ती वेशीजवळच्या पडक्या धर्मशाळेत उतरली होती. कोपरा तर कापलेलाच होता, पण ढेकळांत चुकून राहिलेली कणसे ती शोधत होती. काठी बघताच ती घाबरली.

"मारू नका बाबा. ठिवते खाली," असे म्हणून तिने ओचा सोडला. पाच-सहा कणसे मातीत पडली. "पोरींच्या पोटात काल सकाळपासून काय न्हाई, म्हणून आले."

शमूबाबाने त्या कणसांकडे पाहिले. नियम त्याला ठाऊक होता. हिला धरून वेशीत नेले तर गावाबाहेर काढतील, आणि नाही नेले तर आपली नोकरी जाईल, खोपी जाईल. या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार? हे सगळे त्याच्या मनात येऊन गेले. पण समोर त्याला त्याची आईच उभी दिसत होती, आणि आपण आपल्या आईवर काठी उगारली आहे असे वाटून त्याला भयंकर लाज वाटली.

"उचल ती," तो म्हणाला. "आणि हळूहळू वेच. बांधाच्या कडंला जास्त सापडतात." मग त्याने शेताकडे पाठ केली आणि चालू लागला.

पण व्यापारी पंच नेमका बांधावरून चालला होता. त्याने सगळे पाहिले. ऊन कलायच्या आत बाई आणि शमूबाबा दोघेही पारापुढे उभे होते आणि सारे गाव गोळा झाले होते.

थोरला पंच शांतपणे म्हणाला, "बाई, गावाचे कोठार कशासाठी आहे? मागितले असते तर मिळाले नसते का?"

"तीनदा मागितलं दादा. साक्ष आणा म्हनले. मला हितं वळखतं कोण?"

"मग नियमात बसत नाही. आमचा नाइलाज आहे. आणि शमूबाबा, तुम्ही राखणदार असून चोरीकडे पाठ फिरवलीत?"

शमूबाबा बोलला तो मचाणावरच्या आवाजात. "मालक, कोपरा कधीच तुमचा नव्हता. देवानं त्यो आधीच हिच्यासारख्यांना दिलेला. जे हिचं व्हतं ते उचलून तुमी कोठारात घातलं, आणि आता तेच मागायला हिनं साक्षीदार आणायचा? मग चोरी नक्की कुनी केली?"

लोकांत कुजबुज झाली. थोरला पंच लाल झाला. "आम्ही खाल्ले का ते? दाण्याला हात लावलेला नाही! यादीतल्यांना दिले तेवढे सोडून तीन वर्षांचे धान्य जसेच्या तसे जपले आहे. उघडा रे कोठार. बघू दे सगळ्यांना."

कोठार उघडले. आतून असा वास आला की पुढची माणसे मागे सरली. धान्य जागच्या जागी होते, पण त्याला कीड लागून वरवर पिठाचा थर आला होता आणि तळाला बुरशीने काळी ढेकळे झाली होती. थोरल्या पंचाने मुठीत घेतलेली ज्वारी बोटांतून भुकटी होऊन खाली गळली.

 मग यादीतून नाव खोडलेली ती विधवा हळूच पुढे आली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते. ती म्हणाली, "आमी उपाशी निजत व्हतो, तवा एवढं सगळं आत व्हतं व्हय?"

 बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पुरुष जमिनीकडे बघू लागले. परक्या बाईला शिक्षा सुनावायची हिंमत पंचांना झाली नाही. पण कोणाला तरी शिक्षा व्हायला हवी होती, नाहीतर पंचांची अब्रू काय राहिली? म्हणून शमूबाबाची काठी काढून घेतली आणि खोपी मोडली. यादीतून गेलेल्या लंगड्याने त्याला आपल्या ओसरीवर जागा दिली.

पुढच्या काढणीला मात्र एक नवल घडले. एका लहान शेतकऱ्याने, कोणालाही न विचारता, आपल्या शेताचा एक कोपरा उभा ठेवला. शेजारच्याने ते पाहिले आणि त्यानेही ठेवला. असे करता करता निम्म्या शिवारात कोपरे उभे राहिले. ना सभा झाली, ना ठराव. थोरला पंच मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला, की नियम उत्तमच होता, कोठाराचे छप्पर तेवढे खराब निघाले.

काढणी उरकली त्या दिवशी शमूबाबा बांधावर येऊन उभा राहिला. काम गेलेले, शेत नाही, घरी मूठभर दाणा नाही. इतकी वर्षे त्याने दुसऱ्यांना हाक घातली होती, पण मोठा झाल्यापासून स्वतः कधी वेचायला उतरला नव्हता. आता उतरायचे तर पाऊल उचलेना. आपण मागायला आलो आहोत असे त्याला वाटत होते आणि म्हातारपणी ही वेळ यावी याचे वाईट वाटत होते.

ती परक्या गावची बाई आता गावातच राहिली होती आणि मुलींसोबत वेचत होती. तिने मान वर करून पाहिले आणि ओरडली, "बाबा, तिथं का उभं? या की! आपलाच कोपरा हाय ह्यो."

शमूबाबा उतरला. गुडघे कुरकुरले, पाठीत कळ आली. त्याने पहिले कणीस उचलले, आणि आपली आई खाली मान घालून या गावात कधीच चालली नव्हती, हे इतक्या वर्षांनी त्याच्या नीट ध्यानात आले. म्हातारा वेचता वेचता रडत होता आणि त्याला ते लपवावेसे वाटत नव्हते.

तात्पर्य: गरिबाचा वाटा आपल्या कुलपात ठेवून त्यातून मूठभर देणे म्हणजे न्याय नव्हे, जे देवाने त्याचे म्हणून ठेवले, ते त्याला मान वर ठेवून नेता यावे, हा न्याय.