तिरकुलीचं दार आणि नदीकाठचं सरकार

नदीकाठी एक देश होता. देश केवढा? या वडापासून त्या पिंपळापर्यंत. पण त्याचं सरकार बसायचं तीन ठिकाणी. कायदा करणारी सभा वडाखाली. निकाल देणारे न्यायाधीश खडकावर. आणि निकाल पाळायला लावणारे हवालदार पायवाटेवर. एकाचं काम दुसरा करत नसे, म्हणजे नसेच.

याच देशात तिरकुली खेकडी राहायची. एवढीशी, बटणाएवढी. चालायची कशी? तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. तिच्या डाव्या नांगीवर शाईचा जांभळा ठिपका होता. परवा निवडणुकीत मत दिलं, तेव्हा लावलेला. धुतला, घासला, तरी जाईना.

एकदा काय झालं, बाळाला बिळात निजवून तिरकुली शेवाळ आणायला गेली. परत येते तर काय? दारावर म्हैस. चांगली फतकल मारून बसलेली. फस्स!

दार बंद. बाळ आत. तिरकुली बाहेर.

"म्हैसबाई, म्हैसबाई, उठता का? दार उघडेना. बाळ उठायच्या आत मला घरी जायचंय."

म्हैस म्हणाली, "मला इथे गार वाटतं. हवालदार उठवील, तर मी उठीन."

तिरकुली निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

पायवाटेवर हवालदार मुंगूस उभे होते. गळ्यात शिट्टी. फुर्र, फुर्र.

"हवालदारदादा, हवालदारदादा, म्हैस उठेना, दार उघडेना. बाळ उठायच्या आत मला घरी जायचंय."

हवालदार म्हणाले, "मनाला येईल तसं मी कुणाला हलवत नाही. आज तुझ्यासाठी म्हशीला उठवीन, उद्या म्हशीसाठी तुला उठवीन. मग? न्यायाधीश निकाल देतील, तर मी हलेन."

तिरकुलीला घाई. पाय आठ, तरी कमीच. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

खडकावर न्यायाधीश पाणकावळे बसले होते. काळे पंख पसरून, काळा कोट वाळत घातल्यासारखे.

"न्यायाधीशसाहेब, न्यायाधीशसाहेब, हवालदार हलेना, म्हैस उठेना, दार उघडेना. बाळ उठायच्या आत मला घरी जायचंय."

न्यायाधीश म्हणाले, "कायदा सांगतो, तेवढंच मी सांगतो, पोरी. दुसऱ्याच्या दारात बसू नये, असा कायदाच नाही अजून. सभा कायदा करील, तर मी निकाल देईन."

घ्या! पुन्हा तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

वडाखाली सभा भरली होती. कलकल, कलकल. सभापती साळुंकी म्हणत होत्या, "शांत बसा, शांत बसा." कुणी बसेल तर शपथ.

"सभापतीबाई, सभापतीबाई, न्यायाधीश निकाल देईना, हवालदार हलेना, म्हैस उठेना, दार उघडेना. बाळ उठायच्या आत मला घरी जायचंय."

सभा गप्प झाली. सभापतींनी विचारलं, "कुणाच्या दारात कुणी बसायचं नाही, असा कायदा करायचा? हो म्हणणारे, हात वर."

सात हात वर.

"नको म्हणणारे?"

सात हात वर.

"एक हात कमी पडला, बाई," सभापती म्हणाल्या. "तुमच्या काठाचे खासदार कासव तिकडे निजलेत. कासव हात वर करील, तर सभा कायदा करील."

तिरकुली पळाली. कासवाच्या पाठीवर चढली. टकटक, टकटक.

"कासवदादा, कासवदादा, सभा कायदा करेना, न्यायाधीश निकाल देईना, हवालदार हलेना, म्हैस उठेना, दार उघडेना. बाळ उठायच्या आत मला घरी जायचंय."

कासवाने मान बाहेर काढली. "हात वर करू की नको, मी एकटा कसं ठरवू? ज्यांनी मला इथे पाठवलं, ते सांगतील, तर मी हात वर करीन."

"कुणी पाठवलं तुम्हाला? सांगा लवकर. मी पळत जाऊन आणते त्यांना."

"काठावरच्यांनी," कासव म्हणालं. "ज्यांच्या अंगावर शाईचा ठिपका, त्यांनी."

तिरकुलीने पळायला पाय उचलला. आणि थांबली. तिने डाव्या नांगीकडे पाहिलं.

जांभळा ठिपका.

"अहो, मीच की ती," तिरकुली म्हणाली. "मीच पाठवलं तुम्हाला. आता मीच सांगते. करा हात वर."

मग काय विचारता?

कासवाने हात वर केला. सात आणि एक, आठ!

सभेने कायदा केला. ठक्क!

न्यायाधीशांनी पंख मिटले, कायदा ऐकला, निकाल दिला. "म्हशीने उठावं."

हवालदार हलले. फुर्र, फुर्र, फुर्र!

म्हैस म्हणाली, "कायदा झाला होय? मग उठते, बाई." आणि उठली. फदक्!

दार उघडलं. तिरकुली आत शिरली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. शेवाळ ठेवलं, धापा टाकत बाळाजवळ टेकली. तेवढ्यात बाळाने एक डोळा उघडला. मग दुसरा.

"आई, कुठे गेली होतीस?"

"इथेच," तिरकुली म्हणाली. "जरा सरकार हलवून आले."

बाळाने तो जांभळा ठिपका चाटून पाहिला. तरी गेला नाही.

खेकडी पोचली घरात, गोष्ट उरली कानात.