मामाचा दोर

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे लढत आणि गावे जळत. तशाच एका लढाईत डोंगरातले एक गाव उठले. माणसे परमुलखात आली आणि एका कड्याखाली झोपड्या बांधून राहिली.

ही माणसे कड्यावरचा मध काढणारी. मामाने दोरावरून उतरायचे आणि वर दोर धरायचा तो त्याच्या भाच्यानेच, अशी त्यांची रीत. पण इथे येताच म्हाताऱ्यांनी दोर गाठोड्यात बांधून ठेवले. म्हणाले, "आपल्या गावी परतलो की पोरांच्या हाती देऊ." एक वर्ष गेले, तीन गेली. दोर गाठोड्यात राहिले आणि पोरे मोहाच्या दारूला लागली.

सोळा वर्षांचा सुकऱ्या त्यांतलाच. उजाडले की त्याचा हात मडक्याकडे जाई. म्हातारे रोज समजावत, पण सगळे पालथ्या घड्यावर पाणी. "पिऊ नको, तर करू काय?" असे तो विचारी. आणि पुन्हा मडके उचली.

एके सकाळी त्याचा मामा गाठोड्यातून आपला दोर काढून घेऊन आला. "या कड्यावर मधाची पोळी लागलीत. मी उतरणार. दोर तू धर."

सुकऱ्याने हात पुढे केले. ते थरथरत होते. "मामा, माझ्या हातून सुटशील. दुसरा कुणी बघ."

"दुसरा भाचा कुठून आणू? हात थांबले की सांग. तोवर मी थांबतो."

पुढचे दिवस फार वाईट गेले. अंगाला घाम सुटे, घास गिळवत नसे. सोबती चिडवत, "आला मोठा दोरवाला." चौथ्या दिवशी तो प्यायलाच. दुसऱ्या सकाळी त्याने मामाला खरे सांगितले.

"सांगितलेस ते बरे केलेस," मामा म्हणाला. "नाहीतर हे थांबलेले हात बघून आज उतरलो असतो."

पोराने ते मनाशी धरले. त्यानंतर त्याने मडक्याला हात लावला नाही.

महिन्याने तो आपण होऊन मामाकडे गेला. झाडाला वेढा देऊन त्याने दोर धरला. मामा उतरला. अर्ध्या वाटेत त्याचा पाय निसटला आणि दोराला जोराचा हिसका बसला. सुकऱ्याचे तळवे सोलले, पण दोर सुटला नाही. मामा मध घेऊन वर आला, तेव्हा पोरगा हसत होता आणि रडतही होता.

दुसऱ्या दिवशी त्याचे सोबती म्हाताऱ्यांच्या दारात उभे राहिले. "आमच्या मामांचे दोर कुठे आहेत?"

म्हाताऱ्यांनी गाठोडी सोडली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढे ध्यानात असू द्या: ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव विश्वासाने सोपवला जातो, तो स्वतःचाही जीव जपायला शिकतो.