शास्त्रीबुवांची विद्या परत

चूक सगळी राजवैद्य धुंडिराजशास्त्र्याची. दाढी पांढरी होती म्हणून कुणी बोलत नव्हतं, एवढंच!

हरणगडात त्याची वैद्यशाळा होती. तिथे कुंभाराच्या बयजेने पाच वर्षं खलात औषधं कुटली, काढे उकळले, गोळ्या वळल्या, जखमा बांधल्या. शास्त्री लोडाला टेकून ढेकरा द्यायचा. एकदा बयजेला ताप भरला. तिने दोन दिवसांची सुट्टी मागितली.

"नोकराला ताप येत नसतो!" शास्त्री म्हणाला. "आळस येतो. चालती हो!"

बयजा चालती झाली. ताप उतरला तशी बाजारतळावर पिंपळाखाली बसली आणि लोकांना काढे देऊ लागली. महिन्याभरात तिच्यापुढे रांग, आणि वैद्यशाळेत माश्या! शास्त्र्याने तडक दरबार गाठला आणि नोकरीला ठेवताना करून घेतलेला करार राजापुढे फडकावला.

"ऐका महाराज! 'नोकराने जाताना इथे शिकलेली विद्या इथेच ठेवून जावी.' खाली हिचा अंगठा! ही चोरटी माझी विद्या घेऊन पळालीय!"

"मला कुठं वाचता येतं?" बयजा म्हणाली. "यांनी सांगितलं, खल फुटला तर भरून देईन असं लिहिलंय."

दरबारातल्या म्हाताऱ्यांनी शास्त्र्याच्या बाजूने माना डोलावल्या. दुसरं काय येत होतं त्यांना! आणि रायाजीराजे म्हणजे हट्टाचा पुतळा. एकदा बोलले की बोलले.

"करार म्हणजे करार! पोरी, उद्या भर दरबारात शिकलेलं सगळं परत कर. कणभर जरी उरलं, तर जन्मभर याच्या खलावर फुकट राबशील!"

आता डोक्यातलं परत कसं करणार? घरी बाप रडायलाच लागला. "पाय धर त्यांचे, बयजे. मोठी माणसं आहेत."

"मोठी कसली? नुसती जुनी आहेत, बाबा!"

दुसऱ्या दिवशी बयजा दरबारात ताठ उभी राहिली. "एकच मागणं, महाराज. मी परत देते ते शास्त्रीबुवांनी मोजून घ्यावं. सगळं घेतल्याशिवाय उठू नये."

"कबूल!" शास्त्र्याने छाती फुगवली.

"मग घ्या, पहिलं. रोग्याच्या बोटात अंगठी असली तर आजार सहा महिन्यांचा. नसली तर दोन दिवसांचा."

अर्ध्या दरबाराने हात पाठीमागे घेतले.

"दुसरं. नाडी बघताना डोळे मिटून डुलकी काढायची. घोरलात, तर मंत्र म्हणत होतो असं सांगायचं. तिसरं. हिमालयातली दिव्य वनस्पती म्हणजे आपल्या न्हाणीमागचा गवती चहा."

शास्त्र्याला दरदरून घाम फुटला. "पुरे, पुरे! पोचलं मला! बाकीचं राहू दे तुझ्याकडेच, बाळ."

"काल चोरटी होते, आज बाळ झाले?"

"राहू दे कसं?" राजा गरजला. "करार म्हणजे करार! आणि काय गं, माझं ते सिंहबल चाटण? रोज सकाळी डोळे मिटून, एका पायावर उभा राहून, शंभर अंक मोजत गिळतो मी!"

"रोग्याची गोष्ट चारचौघांत बोलू नये, महाराज. पण रोगीच विचारतोय म्हणून सांगते. कारल्याचा रस आणि गूळ."

"आणि डोळे का मिटायचे?"

"तेवढ्यात शास्त्रीबुवांना तुमच्या ताटातले लाडू उचलता येतात."

"आणि एक पाय?"

"तोल सांभाळणाऱ्याला चावण्याचा आवाज ऐकू येत नाही."

राजाचा जबडाच उघडा पडला. "आठ वर्षं! आणि मी उंदरांसाठी तीन मांजरं पाळली!"

शास्त्र्याने शेवटची उडी मारली. "पण महाराज, काढे? ते कुठे परत केले हिने? ते माझेच!"

"बरं," बयजा म्हणाली. "मग खोकल्याच्या काढ्यात काय काय पडतं, तेवढं सांगा."

शास्त्र्याने छताकडे पाहिलं. दाढी कुरवाळली. शेवटी हळूच म्हणाला, "गवती... चहा?"

"अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ! कशाने गुण येतो ते मी रोग्यांना विचारून विचारून शिकले. तुम्ही झोपला होतात! जे तुमच्याकडे कधी नव्हतंच, ते तुम्हाला परत कसं देऊ?"

राजा इतका हसला, इतका हसला, की सिंहासनावरून घसरला! खालीच बसून त्याने करार टराटरा फाडला, वैद्यशाळेच्या किल्ल्या बयजेच्या ओंजळीत टाकल्या आणि राजवैद्याची शाल तिच्या खांद्यावर घातली.

शास्त्र्याची वैद्यशाळा गेली, पद गेलं, पालखी गेली. तो घरी पायी गेला.