लवंगीची होडी

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. माझी शाळा लहानपणीच सुटली. शब्दही साधेच आहेत. चालवून घ्या.

मी फरशीवर एक गाव मांडलं. ताटात पाणी, ते तळं. पाण्यात उपडी वाटी, ते बेट. पिस्त्याचं टरफल, ती होडी.

गावात राहते लवंगी. लवंगेएवढीच. बेटावर तिचा भाऊ वेलदोडा. त्याला पोहता येत नाही.

फुर्र! वारा आला. होडी उडाली. कपाटाखाली, केरसुणीमागे अडकली.

वेलदोडा रडायला लागला. लवंगी म्हणाली, "रडू नको. मी आणते होडी."

टुकटुक टुकटुक, गेली केरसुणीकडे.

"केरसुणीताई, हल ना.
केरसुणी हलेल, होडी निघेल,
भाऊ घरी येईल."

"मी आता जंगल आहे. जंगल कधी चालतं का गं? बुडाशी करवंटी बसलीय. आधी तिला सांग."

टुकटुक टुकटुक, गेली करवंटीकडे.

"करवंटीमावशी, सरक ना.
करवंटी सरकेल, केरसुणी हलेल,
होडी निघेल, भाऊ घरी येईल."

"मी आता डोंगर आहे. डोंगर पळाला तर लोक हसतील. अंगावर कंगवा टेकलाय. आधी त्याला सांग."

टुकटुक टुकटुक, गेली कंगव्याकडे.

"कंगवेदादा, ऊठ ना.
कंगवा उठेल, करवंटी सरकेल,
केरसुणी हलेल, होडी निघेल,
भाऊ घरी येईल."

"मी आता कुंपण आहे. दोऱ्याने बांधलंय मला. आधी त्याला सांग."

टुकटुक टुकटुक, गेली दोऱ्याकडे.

"दोरेकाका, सूट ना.
दोरा सुटेल, कंगवा उठेल,
करवंटी सरकेल, केरसुणी हलेल,
होडी निघेल, भाऊ घरी येईल."

"मी आता विजेची तार आहे. माझं टोक रेणूच्या मुठीत."

रेणू माझी भाची. दोन वर्षांची. डोंगराहून मोठी.

टुकटुक टुकटुक, गेली रेणूकडे.

"रेणूबाई, मूठ उघड ना.
मूठ उघडेल, दोरा सुटेल,
कंगवा उठेल, करवंटी सरकेल,
केरसुणी हलेल, होडी निघेल,
भाऊ घरी येईल."

रेणू म्हणाली, "आधी पापा."

लवंगी गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. गालाचा पापा घेतला. गालाला लवंगेचा वास आला. रेणू खुदकन हसली.

मूठ उघडली.
दोरा सुटला, सुळ्ळ.
कंगवा उठला, खट.
करवंटी सरकली, गडगड.
केरसुणी हलली, सर्र.
होडी निघाली, टुण.

डुबुक डुबुक, लवंगी बेटावर गेली.
डुबुक डुबुक, भाऊ घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अख्खं गाव परातीत उचललं. ही लिहिलेली गोष्टही घेतली, आणि शेजारच्या अंगणवाडीत नेलं. बाईंनी विचारलं, गोष्ट वाचणार कोण?

"मीच," म्हणालो. आणि वाचली.