अखंड कढई

"मग सांगा ना महाराज, दिगंबरला कुणी मारलं?"

केवळगीर महाराज वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

डॉक्टर मार्तंड औसेकर त्यांच्यासमोर उभा होता. हा माणूस लहानपणापासून मठात यायचा. पायरीला हात लावल्याशिवाय कधी आत आला नव्हता, आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय कधी बसला नव्हता. आज चपला तेवढ्या बाहेर ठेवल्या होत्या. नमस्कार केला नव्हता.

"काल तेरावा झाला त्याचा," मार्तंड म्हणाला.

"झाला."

"एक्केचाळीस वर्षांचा होता."

"ठाऊक आहे. नाव मीच ठेवलं त्याचं."

…

तेरणेच्या काठावरचा हा गोसाव्यांचा मठ पंचक्रोशीत ओळखला जायचा तो कढईमुळं. एका भयंकर दुष्काळात महाराजांच्या गुरूंनी, भवानगीरांनी, अंगणात चूल पेटवली आणि गावाला वडे खाऊ घातले. तेव्हापासून त्या कढईतलं तेल कुणी बदललं नव्हतं. उणं झालं की वरून नवं ओतायचं. जुनं काढायचं नाही. सत्तर वर्षं हाच नेम. लोक तिला अखंड कढई म्हणत. त्यातला थेंब बाळाच्या टाळूला लावत.

त्या कढईवर दिगंबर बावीस वर्षं बसला. पहिला घाणा देवाला, दुसरा स्वतःच्या पोटाला.

त्याच्या छातीत कळ आली तेव्हा त्याला शहरात मार्तंडकडेच नेलं. मार्तंड हृदयाचा डॉक्टर, नावाजलेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्यानं स्वतःच्या हातानं दिलं. गुठळी विरघळली नाही. इतर उपाय करायला सवड मिळाली नाही. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

एवढी वर्षं लोकांना जिवंत घरी पाठवणारा मार्तंड त्या दिवशी दिगंबरच्या बायकोला, सुंदरावहिनींना, तोंड दाखवू शकला नव्हता.

…

"गुठळी कशी होते रे?" महाराजांनी विचारलं.

"कशीही होते. रोज होते. तुमच्याही अंगात आत्ता एखादी बारीकशी होत असेल."

"मग मी बरा बसलोय."

"कारण ती विरघळतेही. रक्ताच्या नळीला आतून अस्तर असतं. तेच गुठळी विरघळवणारं द्रव्य सोडतं. प्रकरण तिथल्या तिथं मिटतं."

"दिगंबरचं का मिटलं नाही?"

मार्तंडला राग आला. म्हाताऱ्याला सगळं कळतंय आणि हा आपल्याच तोंडून वदवून घेतोय, असं त्याला वाटलं. तरी तो बोलला.

"कोलेस्टेरॉल सगळ्यांच्याच रक्तात असतं. लागतंच ते. पण लोणी खवटतं तसं ते रक्तात खवटलं, की अस्तराला डसतं. अस्तर सुजतं, चिकट होतं. विरघळवणारं द्रव्य कमी सोडतं. आणि त्या द्रव्याचे हात बांधणारं एक दुसरं द्रव्य असतं, ते जास्त सोडायला लागतं."

वात वळणारी बोटं थांबली.

"म्हणजे सोडवणाराच बांधायला लागतो."

"हो."

महाराजांनी हातानंच पुढं बोल अशी खूण केली.

"आणि पुन्हा पुन्हा जाळलेलं तेल रोज पोटात गेलं, तर त्या खवटण्याला हातभार लागतो. कढईतलं तेल पाहिलंत कधी? काकवीसारखं झालंय."

"दिगंबर त्याच तेलानं गेला?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या क्षणी सोयीचंही.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "एका माणसाचं असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. तो तंबाखूही खायचा. त्याचा बापही असाच गेला होता."

"मग भांडायला कशाला आलास?"

"कारण तुमची खात्री पटेपर्यंत पंगती उठतच राहणार आहेत! कढईवर आता त्याचा भाऊ बसलाय, नरहरी. तोही दुसरा घाणा स्वतःच खातो. त्याला न्यायची वेळ आल्यावर येऊ का पुन्हा विचारायला?"

आवाज सभामंडपात घुमला. दोन-तीन भाविक वळून पाहू लागले.

महाराजांनी वाती ताटलीत ठेवल्या.

"डॉक्टर होऊन किती वर्षं झाली तुला?"

"पंधरा."

"ही तेलाची गोष्ट कधी कळली?"

"शिकत होतो तेव्हाच."

"दर अवसेला येतोस. पंधरा वर्षं तू कुठं होतास?"

मार्तंडनं नजर मुदपाकखान्याकडं वळवली.

"कुठं होतास, मार्तंड?"

"…इथंच. पंगतीत."

"वडे खात."

"दिगंबरच वाढायचा," मार्तंड म्हणाला. "आग्रह करून वाढायचा. मला दिसत होतं तेल. पण मठाची कढई… तुमच्या गुरूंची… मी कोण बोलणारा, असं वाटायचं."

त्याचे डोळे भरून आले. पण तो मागं हटला नाही. उलट एक पाऊल पुढं आला.

"चुकलो. त्याची शिक्षा मी जन्मभर भोगीन. पण आज बोलतोय. ती कढई उतरवा."

"मी उतरवणार नाही."

"महाराज!"

"गुरूंचा देह पडला तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता. 'मी कढई उतरवणार नाही,' असा शब्द मी दिलाय."

"मी नाही दिलेला!"

मार्तंडच्या तोंडून ते निसटलं आणि त्याचा त्यालाच धसका बसला. या मठात असं कुणी बोललं नव्हतं.

महाराज त्याच्याकडं पाहत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "तू नाही दिलेला."

आणि त्यांनी पुन्हा वाती वळायला घेतल्या.

…

मार्तंड तरातरा मुदपाकखान्याकडं निघाला. म्हाताऱ्यानं आपल्याला हुसकावलं की वाट मोकळी करून दिली, हे त्याला कळत नव्हतं. कळून घ्यायला तो थांबलाही नाही.

अवस असल्यामुळं आवारात शे-दीडशे माणूस जमलं होतं. चूल अजून पेटायची होती. रात्रभरात थंड झालेलं तेल कढईत काळंभोर निपचित पडलं होतं. शेजारी नरहरी वड्याचं पीठ फेटत होता.

मार्तंडनं बाह्या सारल्या आणि एक कडी धरली.

"नरहरी, ती बाजू धर."

"कुठं न्यायची?"

"मागच्या खड्ड्यात. उपडी करायची आहे."

नरहरीचे हात पिठातच राहिले.

मठाची कोठी सांभाळणारे बंकटराव धावत आले. "डॉक्टर! डोकं फिरलंय का? सत्तर वर्षांची कढई हाये ती. हात झडंल!"

"झडू द्या. नरहरी, धर म्हणतो ना!"

"दादाची जागा हाये ही," नरहरी पुटपुटला. "मी कशी…"

मार्तंडनं एकट्यानं जोर लावला. कढई जेमतेम कलली आणि पुन्हा खाली बसली. गर्दीत कुणीतरी हसलं. त्याच्या कपाळावरची शीर टरारली. त्यानं पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच.

तेवढ्यात डाळ निवडणाऱ्या बायकांमधून एकजण उठली. सुंदरावहिनी होत्या. कपाळ मोकळं. त्यांनी पदर खोचला, मधले सगळे लोक ओलांडून आल्या आणि दुसरी कडी धरली.

"वहिनी, तुम्ही नका," मार्तंड म्हणाला. "लोक बोलतील."

"बोलून ऱ्हायलेत की. पांढऱ्या पायाची म्हणलेत तेराव्यात. आनी काय म्हणतील?" त्यांनी पाय रोवले. "उचला, भाऊजी."

कढई उचलली गेली.

तेल हिंदकळलं, त्यांच्या लुगड्यावर सांडलं, त्याच्या पँटवर सांडलं. दोघं धापा टाकत मागच्या खड्ड्यापर्यंत गेले. बंकटराव आडवे झाले. वहिनींनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं, तसे ते बाजूला झाले. मग महाराजांना बोलवायला पळत सुटले.

तेल खड्ड्यात पडताना आवाजसुद्धा नीट झाला नाही, इतकं ते दाट होतं. जळकट वास सुटला. पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी नाकाला उपरणी लावली.

गर्दीतली एक बाई हमसून रडायला लागली.

…

महाराज काठी टेकत आले. गर्दी दुभंगली.

"बगा, महाराज," बंकटराव रडकुंडीला आले होते. "आपली अखंड कढई! आता काय सांगायचं लोकांला?"

महाराजांनी खड्ड्याकडं पाहिलं. माती तेल पीत होती. मग त्यांनी मार्तंडकडं पाहिलं.

मार्तंडनं हनुवटी वर केली. "मी केलंय. वहिनींचा यात दोष नाही. मठातून जा म्हणालात तर जातो. पण ही पुन्हा अशीच जुन्यावर नवं ओतून चालवलीत, तर पुन्हा येईन आणि पुन्हा उपडी करीन."

"एकटे नाही येनार," सुंदरावहिनी म्हणाल्या.

महाराज कढईपाशी गेले, काठी जमिनीवर ठेवली आणि हळूहळू उकिडवे बसले. नखानं त्यांनी कढईचा तळ खरवडला. बोटभर जाड, काळं कीट जमलं होतं. एक ढलपी निघाली. ती त्यांनी तळहातावर घेतली, हुंगली… आणि डोळे मिटून घेतले.

मार्तंडनं तो तळहात पाहिला. सत्त्याऐंशी वर्षांचा हात.

त्याच्या आतला सगळा ताठा एकाएकी गळून पडला. तो गुडघ्यांवर आला आणि महाराजांच्या पायांकडं वाकला.

महाराजांनी पाय मागं घेतले. भगव्या छाटीचा सोगा खोचला, आणि कढई स्वतःकडं ओढली.

"पाया मग पड," ते म्हणाले. "आधी घासायला राख आण."